डार्क साइड ऑफ द मून: पहिल्या बाजूच्या शेवटी बाईचा आवाज फाटतोय, रेकॉर्ड गेलीये की माझा प्लेअर?

वसईचा_निल्या
मंडळी मदत हवीये. मटण स्ट्रीटवरून पिंक फ्लॉइड या इंग्लिश बँडची डार्क साइड उचलली, जुनी कॉपी आहे, कव्हर जरा कुजलंय पण रेकॉर्ड दिसायला बरी. 'टाइम'पर्यंत एक नंबर वाजते, घड्याळं वाजतात तेव्हा घरातले सगळे दचकले. पण 'द ग्रेट गिग इन द स्काय'मध्ये ती बाई जोरात सुटली की आवाज चिरफाळतो, खरखर पण नाही, फाटल्यासारखा. नेटवर सगळे सांगतायत की हा इनर ग्रूव्हचा प्रॉब्लेम, शेवटच्या गाण्याला असं होणारच, सोडून दे. खरंच सोडून द्यायचं का? आणि असं होतं हे माहीत होतं तर एवढं अवघड गाणं शेवटाला टाकलंच कशाला त्यांनी?

सुई_आणि_धागा
इनर ग्रूव्ह म्हणजे काय ते आधी सांगतो. रेकॉर्ड मिनिटाला ३३ आणि एक तृतीयांश फेरे घेते, बाहेर असो की आत, एका फेऱ्याला १.८ सेकंद. बाहेरच्या कडेला एका फेऱ्यात सुईखालून साधारण ९० सेंटीमीटर खाच जाते, लेबलजवळ ती ४० च्या आसपास येते. म्हणजे तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबायचा, अर्ध्या पाटीवर पूर्ण धडा लिहिल्यासारखं. स, श, झांजा, चढा आवाज यांच्या नागमोडी इतक्या बारीक होतात की गोल टोकाची सुई त्यात नीट बसतच नाही. म्हणून तर जुने लोक बाजूच्या शेवटी शांत गाणं ठेवायचे. सुई बदला, एलिप्टिकल (लंबगोल टोकाची) घ्या, फरक पडेल.

दादर_स्टुडिओवाला
थिअरी बरोबर आहे पण इथे ती पूर्ण लागू पडत नाही, थोडं थांबा. ग्रेट गिग जवळपास पावणेपाच मिनिटांचं. सुरुवातीला नुसता पियानो आणि त्यावर एक म्हातारा मरणाची भीती वाटत नाही म्हणून बोलतो (तो लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओचा दरवान जेरी ओड्रिस्कॉल, अल्बमच्या अगदी शेवटी बोलतो तोही हाच). मग ड्रम येतात आणि ती किंचाळल्यासारखं गाते ते मिनिटभर, दुसऱ्या मिनिटाच्या आसपास. त्यानंतर गाणं खाली उतरतं आणि हळूहळू विरतं. म्हणजे सगळ्यात जोराचा तुकडा लेबलला चिकटून नाहीच, त्यानंतर अडीच-तीन मिनिटं तरी खाच शिल्लक असते. आणि पहिली बाजू मिळून वीस मिनिटांचीसुद्धा नाही, कापणाऱ्याला जागेची फार ओढाताण नसणार.

आता दुसरी बाजू बघा. ती तेवीस मिनिटांच्या वर जाते आणि तिथे शेवटाला 'एक्लिप्स' आहे, ऑर्गन, ड्रम, कोरस सगळं एकदम चढत जातं आणि मग फक्त हृदयाचे ठोके. आतल्या खाचेची खरी परीक्षा तिथे. म्हणून निल्या, आधी एक्लिप्स लाव. तेही फाटत असेल तर अलाइनमेंट (सुई खाचेत बसायचा कोन) किंवा सुईचा दोष. ते स्वच्छ आणि ग्रेट गिगच फाटत असेल तर तुझ्या आधीच्या मालकाने जड आर्मच्या (सुईच्या दांड्याच्या) चेंजरवर, म्हणजे रेकॉर्ड आपोआप बदलणाऱ्या जुन्या प्लेअरवर, तेच गाणं घासून घासून खाच खाल्लीये, त्याला औषध नाही.

अजून एक, कुठल्या स्पीकरमधून जास्त फाटतं ते ऐक. उजव्यातून जास्त येत असेल तर अँटीस्केट (आर्मला बाहेर ओढणारा ताण) कमी पडतोय, आर्म आत ओढला जातो आणि बाहेरच्या भिंतीवरची पकड सुटते. प्रोट्रॅक्टर (सुईचा कोन जुळवायचा नकाशा) कागदावर प्रिंट करून सुई बसवून बघ, कार्ट्रिजला (सुई बसते त्या डबीला) सांगितलाय तेवढाच ग्रॅमचा भार दे, "हलकी ठेवली की रेकॉर्ड वाचते" हा गैरसमज आहे, हलकी सुई उड्या मारते आणि तीच खाच फोडते.

मीरारोडची_मीनल
गाणं शेवटी का टाकलं याचं उत्तर कोणी दिलंच नाही!! मला वाटतं त्यांनी एलपीच्या दोन बाजू धरूनच विचार केलाय. १९७२ च्या सुरुवातीपासून हे लोक पूर्ण तुकडा स्टेजवर वाजवत होते, रेकॉर्डिंग सुरू व्हायच्या कितीतरी आधी. तेव्हा ग्रेट गिगच्या जागी ऑर्गनवर धार्मिक बोलणं वगैरे होतं, ती बाई नव्हतीच. तिला, म्हणजे क्लेअर टोरीला, १९७३ च्या जानेवारीत रविवारी बोलावलं, अल्बम जवळपास झालेला. शब्द नकोत एवढंच सांगितलं, तिने दोन-अडीच टेक दिले, बाहेर येऊन म्हणे सॉरी म्हणाली, आणि ३० पाउंड घेऊन घरी गेली. आपला आवाज वापरलाय हेच तिला रेकॉर्डच्या दुकानात कव्हरवर नाव बघून कळलं. २००४ मध्ये कोर्टात गेली, २००५ मध्ये समेट झाला, आता गाण्याच्या श्रेयात बँडच्या कीबोर्डवाल्या रिचर्ड राइटच्या जोडीला तिचंही नाव लागतं. रागाची गोष्ट आहे पण उशिरा का होईना.

आणि मरणावरचं गाणं संपतं, सुई उचलली जाते, तुम्ही उठून रेकॉर्ड उलटी करता आणि थेट 'मनी'मधला नाण्यांचा खळखळाट. स्ट्रीमिंगवर ते दोन्ही एकाला एक चिकटून येतं तेव्हा मला नेहमी घाई वाटते. मधला तो उठायचा वेळ हवाच.

दादर_स्टुडिओवाला
मीनलताई मान्य. नाण्यांचं निघालं म्हणून सांगतो, मला 'मनी'चा लूप सगळ्यात भारी वाटतो. बँडच्या रॉजर वॉटर्सने बायकोच्या पॉटरीच्या शेडमध्ये तिच्या मोठ्या वाडग्यात नाणी फेकून ते रेकॉर्ड केलं. त्यात गल्ल्याची घंटी, फाटणारा कागद वगैरे मिळून सात आवाज, प्रत्येकाची टेप पट्टीने मोजून सारख्या लांबीची कापली आणि चिकटपट्टीने गोल जोडली. गोल एवढा मोठा की मशीनवर मावेना, माइकच्या स्टँडला वळसा घालून फिरवला. सात तुकडे म्हणजे सात मात्रा, गाणंही सातातच चालतं आणि पाय ठोकायला गेलं की चुकतं. गिटारच्या सोलोला डेव्हिड गिलमोर चारात येतो, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडतो. आज आम्ही हे दोन मिनिटात माउसने करतो आणि वर दमलो म्हणतो.

ठाणेकर_७३
मिक्सचं पण सांगा की राव. वॉटर्स आणि ड्रमर मेसनला कोरडं हवं होतं, गिलमोर आणि राइटला एको घालून ओलं, म्हणून निर्माता ख्रिस थॉमसला तिसरा कान म्हणून बोलावलं. इंजिनियर ॲलन पार्सन्स, टोरीचं नावही त्यानेच सुचवलं. १६ ट्रॅक भरले की उतरवून पुन्हा दुसऱ्या टेपवर, असं करत गेले तरी हिस (टेपची सळसळ) कुठे ऐकू येत नाही, कमाल आहे.

वसईचा_निल्या
सगळ्यांना थँक्यू. आत्ता एक्लिप्स लावलं, कोरससकट स्वच्छ, ठोके पण नीट. अँटीस्केट वाढवून ग्रेट गिग परत ऐकलं, दोन्ही स्पीकरमधून तेवढंच फाटतंय. म्हणजे आधीचा मालक या बाईच्या प्रेमात होता बहुतेक. दुसरी कॉपी घ्यायची तर दुकानात न वाजवता काय बघायचं?

सुई_आणि_धागा
ट्यूबलाइटखाली तिरकी धरा. ओरखडे दिसतात त्यांना घाबरू नका, पण पहिल्या बाजूचा शेवटचा पट्टा बाकीच्यापेक्षा राखाडी, निस्तेज दिसला तर ठेवून द्या. मधल्या भोकाभोवती लेबलवर बारीक रेघा खूप असतील तर रेकॉर्ड भरपूर वाजलीये. आणि विकणाऱ्याने आत पोस्टर आहे म्हणून भाव वाढवला तर आधी उघडून बघा, मूळ कॉपीत दोन पोस्टर आणि दोन स्टिकर होते, बहुतेकांची कधीच भिंतीवर गेलीयेत.