स्वमग्न मुलांच्या रोजच्या अडचणींवरील संशोधनासाठी निधी कोठून मिळू शकेल?

प्रश्न : विशेष शिक्षिका, सांगली जिल्हा

नमस्कार. आमच्या लहान केंद्रात २२ स्वमग्न (ऑटिझम असलेली) मुले येतात आणि त्यांच्यापैकी बहुतेकांच्या घरी केस कापण्याचा दिवस म्हणजे मोठी धास्ती असते. आठ वर्षांच्या एका मुलाला वडील आणि काका दोघे मिळून धरून ठेवत, तरीही अर्धवट कापलेल्या केसांनिशी त्याला घरी परत न्यावे लागे. गेल्या वर्षी आम्ही या कृतीचे अकरा टप्पे पाडले. पहिल्या टप्प्यात खांद्यावर नुसते कापड टाकून दहापर्यंत अंक मोजायचे, मग बंद मशीन मुलाच्या तळहातावर ठेवायचे, त्यानंतर तेच मशीन शेजारच्या खोलीत सुरू करून दार किंचित उघडे ठेवायचे, आणि प्रत्येक टप्प्याचे चित्रकार्ड मुलाच्या हाती द्यायचे. दिवाळीपूर्वी तो मुलगा सलूनच्या खुर्चीत शेवटपर्यंत बसला, तेव्हा त्याच्या आईला रडू आवरले नाही. मात्र चार मुलांमध्ये काहीच फरक पडला नाही आणि त्याचे कारण आम्हाला सांगता येत नाही. म्हणूनच याचा रीतसर अभ्यास व्हावा, अशी आमची इच्छा आहे. खर्च सुमारे तीन लाख रुपये येईल. आमचा न्यास नोंदणीकृत आहे, परंतु परदेशी निधी स्वीकारण्याची नोंदणी आमच्याकडे नाही. एका ठिकाणी केलेला अर्ज ‘ही सेवा आहे, संशोधन नव्हे’ या शेऱ्यासह परत आला. आम्ही कोणाकडे जावे?

उत्तर १ : बालविकास संशोधक, पुणे

ताई, ‘फरक का पडला नाही’ हा आपला प्रश्नच संशोधनाचा आहे, त्यामुळे अर्जाची सुरुवात त्या चार मुलांपासून करावी. शेरा बहुधा यासाठी आला असावा की, अर्जात काय करणार हे होते, पण काय मोजणार हे नव्हते.

इतक्या कमी मुलांवरही भक्कम अभ्यास होऊ शकतो. पाच-सहा मुले घ्यावीत, प्रत्येकाची सुरुवातीची स्थिती काही आठवडे नोंदवावी आणि प्रशिक्षण सर्वांना एकदम न देता वेगवेगळ्या आठवड्यांत सुरू करावे. बदल प्रत्येक मुलात त्याचे प्रशिक्षण सुरू झाल्यानंतरच दिसला, तर तो केवळ वय वाढल्याने किंवा ऋतू बदलल्याने झाला, असे म्हणता येत नाही.

आता निधीविषयी. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद संस्थेबाहेरील संशोधकांना प्रकल्पनिधी देते, परंतु स्वयंसेवी संस्थेकडे केंद्राच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन विभागाची मान्यता असावी लागते. ती नसल्यास एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयातील बालरोग किंवा मनोविकार विभागातील प्राध्यापकांना प्रमुख संशोधक करून आपण सहसंशोधक व्हावे, हा मार्ग मला अधिक व्यवहार्य वाटतो. पालकांचा ताण किंवा शिक्षण हा मुख्य विषय ठेवल्यास भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेचाही विचार करता येईल. परदेशात, अमेरिकेतील ‘ऑर्गनायझेशन फॉर ऑटिझम रिसर्च’ ही संस्था २००१ मध्ये स्वमग्न मुलांच्या आई-वडिलांनी व आजी-आजोबांनीच स्थापन केली आणि ती मुख्यतः अशाच उपयोजित संशोधनाला निधी देते. मात्र परदेशी निधीसाठी परकीय अंशदान कायद्याखालील नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर तो निधी एका संस्थेला दुसरीकडे वळता करता येत नाही. म्हणजेच महाविद्यालयाने पैसे घेऊन आपल्या न्यासाला द्यावेत, असा आराखडा चालणार नाही.

गोवा आणि रावळपिंडी येथील एक अभ्यास जरूर वाचावा. दोन ते नऊ वर्षांच्या ६५ मुलांच्या या चाचणीत तज्ज्ञ नसलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी पालकांना घरच्या संवादाचे प्रशिक्षण दिले होते. गोव्यातील काम ‘संगात’ या संस्थेकडे होते, निधी अमेरिकेतील ‘ऑटिझम स्पीक्स’ या संस्थेचा होता आणि निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. पालकांचा प्रतिसाद आणि मुलांनी स्वतःहून साधलेला संवाद वाढला, पण दोघांनी मिळून एकाच गोष्टीकडे लक्ष देण्याचा वेळ कमी झाला, हेही संशोधकांनी लपवले नाही. आपल्या चार मुलांबद्दल इतक्याच मोकळेपणाने लिहावे.

उत्तर २ : सामाजिक संस्थांचे लेखापाल, कोल्हापूर

कंपन्यांच्या सामाजिक उत्तरदायित्व (सीएसआर) निधीविषयी एवढेच सांगतो की, कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत संशोधनासाठीची तरतूद प्रामुख्याने सरकारी निधीवर चालणाऱ्या संस्था आणि विद्यापीठांसाठी आहे. आपल्या न्यासाने शिक्षण किंवा आरोग्य या शीर्षाखाली प्रशिक्षणाचा खर्च मागावा आणि मोजमापाचा खर्च संशोधन निधीतून करावा. दोन्हींचे हिशेब पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवावेत.

उत्तर ३ : एक पालक, पुणे

माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे आणि तो बोलत नाही. आम्ही आजवर दोन अभ्यासांत सहभागी झालो. दोन्ही वेळा प्रवासखर्च मिळाला, पण माझ्या बुडालेल्या रोजंदारीचा विचार कोणी केला नव्हता, आणि दुसऱ्या अभ्यासातून आम्ही मध्येच बाहेर पडलो त्याचे खरे कारण हेच होते. कृपया ती रक्कम अंदाजपत्रकात स्वतंत्र ओळ म्हणून दाखवावी. दुसरे असे की, ‘नको’ म्हणायचे झाले की माझा मुलगा कानांवर हात ठेवून भिंतीकडे वळतो. संमतीपत्रावर माझी सही असली, तरी त्याचा हा नकार त्या दिवसापुरता अंतिम मानला जावा.

उत्तर १ देणारे संशोधक पुन्हा

हा मुद्दा अतिशय महत्त्वाचा आहे. वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांनुसार सात वर्षांपुढील मुलांची स्वतःची अनुमती घेणे अपेक्षित आहे. प्रत्येक मुलाची नकाराची खूण पालकांकडून आधीच लिहून घ्यावी आणि ती यादी संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या नीतिशास्त्र समितीपुढे ठेवावी. पहिले मूल अभ्यासात घेण्यापूर्वी भारतीय क्लिनिकल चाचणी नोंदवहीत नोंदणीही करावी.

प्रश्नकर्त्या

सर्वांचे मनापासून आभार. रोजंदारीची ओळ आजच अंदाजपत्रकात घातली. त्या चार मुलांच्या जुन्या वह्या काढल्या, तेव्हा असे दिसले की, तिघांच्या घरी सराव आजी घेत होत्या आणि प्रशिक्षण मात्र आम्ही केवळ मुलांच्या आयांना दिले होते. येत्या सोमवारी जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयातील बालरोग विभागप्रमुखांना भेटायला जाताना त्याच वह्या सोबत नेणार आहे.