अमानत, अनामत आणि उसनं

प्रश्न : माझी आठ वर्षांची मुलगी मैत्रिणीची रंगपेटी घरी घेऊन आली. अम्मी तिला म्हणाल्या, "ही अमानत आहे, नीट जप." मुलीने मला विचारलं, "अमानत म्हणजे उसनं का?" मी हो म्हणून गेले, पण तेव्हापासून खटकतंय. मराठीत नेमका शब्द कोणता?

— खटकतंय ते बरोबरच आहे. उसने पैसे घेतले तर त्याच नोटा परत जात नाहीत, तेवढी रक्कम जाते. फिक्हमध्ये, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्राच्या कायद्यात, याला कर्ज म्हणतात, आणि मराठीतलं 'कर्ज' त्याच अरबी शब्दावरून आलंय. वापरून तीच वस्तू परत करायची असेल तर ती आरियत. नुसती सांभाळायला दिलेली ती वदीअत, म्हणजे आपली 'ठेव'. 'अमानत' या सगळ्यांहून मोठा शब्द आहे. अमानत आणि ईमान एकाच धातूतून आलेत, नबी होण्याआधीपासून मक्केत मुहंमद पैगंबरांना (स.) ज्या नावाने ओळखत तो 'अल-अमीन'ही त्याच धातूतला. हिजरतीच्या वेळी, म्हणजे 622 मध्ये मक्का सोडून मदिनेला जाताना, लोकांच्या ठेवी ज्याच्या त्याला पोचवायला त्यांनी आपले चुलत भाऊ हजरत अली यांना मागे ठेवलं होतं. जीव घ्यायला टपलेल्या गावातल्या लोकांच्या ठेवी! मुलांना हा प्रसंग जरूर सांगा.

— मराठीतलं 'अनामत' हे अमानतचंच रूप, न आणि म यांची अदलाबदल होऊन झालेलं. पण आपल्याकडे ते पैशापुरतं उरलं : अनामत रक्कम, अनामत जप्त. विश्वासाचा अर्थ त्यातून गळाला, म्हणून मुलांशी बोलताना 'अमानत'च ठेवावा.

— 'उसनं' इतकं काटेकोर नाही हो. उसने कपडे म्हणतोच की, आणि ते तेच परत जातात.

— मान्य. तरी "उसनं आणलंय" ऐकलं की मुलाला वाटतं, हरवलं तर दुसरं आणून देऊ. "अमानत आहे" म्हटलं की वस्तूमागचा माणूस दिसतो. अमानतीत खयानत (विश्वासघात) ही मुनाफिकाच्या, म्हणजे वरवर ईमान दाखवणाऱ्या ढोंग्याच्या, तीन खुणांपैकी एक, हे मुलं मकतबमध्ये शिकतातच. वस्तू अडवून ठेवणाऱ्यालाही बोल आहे : कुराणातल्या सूरह माऊनच्या शेवटी रोजच्या वापराच्या किरकोळ वस्तू न देणाऱ्यांची निंदा येते. 'माऊन'चा हा अर्थ अनेक भाष्यकार देतात.

— आणि वस्तू मोडली तर?

— हुनैनच्या लढाईआधी पैगंबरांनी (स.) सफवान इब्न उमय्याकडून चिलखतं मागून घेतली. तो तेव्हा मुसलमान नव्हता. त्याने विचारलं, जबरदस्तीने घेताय का? उत्तर आलं : नाही, भरपाईच्या हमीवरची आरियत. फिक्हच्या दोन परंपरांपैकी शाफिई मतात म्हणून, परवानगीप्रमाणे वापरताना झालेलं नुकसान सोडलं तर, भरपाई लागतेच. हनफी मतात हलगर्जी झाली असेल तरच. मुलाला मात्र आधी "माझ्याकडून मोडलं" हे स्वतः जाऊन सांगायला शिकवावं, भरपाईचं मोठ्यांनी बघावं.

— प्रश्न विचारणारी मीच. पेटीतली निळी ट्यूब संपलीय.

— वापरताच संपणारी वस्तू आरियतमध्ये बसत नाही, ती कर्जात जाते. तेव्हा पेटी अमानत आणि रंग उसने, असं मला वाटतं. निळी ट्यूब नवी आणून पेटीत ठेवा, आणि पेटी मुलीच्याच हाताने परत पाठवा.