मदत हवी आहे: रात्री हळू आवाजात ऐकायला कोणता इंटिग्रेटेड अ‍ॅम्प घ्यावा?

नमस्कार मंडळी,

घरचा जुना अ‍ॅम्प (स्पीकर चालवणारा अ‍ॅम्प्लिफायर; इंटिग्रेटेड म्हणजे सगळं एकाच डब्यात) अखेर बसला. आधी उजव्या स्पीकरमधून घूंऽऽ, मग व्हॉल्यूमचं बटण फिरवलं की खरखर, आणि शेवटी ती बाजू गपगारच. रिक्षात मांडीवर घेऊन पुण्यातल्या तापकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, एकाकडे नेला. त्याने तीन आठवडे ठेवून घेतला आणि 'आयसी (आतली चिप) मिळत नाही' म्हणून परत दिला, तोही झाकणाचे दोन स्क्रू गायब करून. आता नवीनच घेतोय.

घरात व्हार्फडेल डायमंड १२.१ स्पीकर आहेत (८ ओहम, संवेदनशीलता ८८ डेसिबल), एमएम (मूव्हिंग मॅग्नेट) कार्ट्रिजचा, म्हणजे तशा प्रकारच्या सुईचा, टर्नटेबल आहे, आणि टीव्ही ऑप्टिकल वायरने जोडायचाय. खोली ११ बाय १४ फूट, बसायची जागा स्पीकरपासून आठ फुटांवर. बजेट ६०,०००, फार तर चार-पाच हजार वर. ऐकणं म्हणजे बाबांच्या दीडेकशे एलपी, बहुतेक ख्याल आणि नाट्यसंगीत.

खरी गोम वेळेची आहे. आमचं ऐकणं रात्री साडेदहानंतर. पलीकडच्या खोलीत मुलगी झोपलेली, आणि खालचे काका आवाज जरा चढला की दुसऱ्या दिवशी जिन्यात मनगटावरच्या घड्याळावर बोट ठेवून दाखवतात. तेवढ्या हळू आवाजात डग्गा जातोच. चाटीवरची टिचकी ऐकू येते, पण घुमक नाही. ठेका अर्धाच वाजतोय असं वाटतं. दोष अ‍ॅम्पचा नाही हे कळतं. आवाज कमी झाला की आपल्या कानाला खर्जातलं कमी ऐकू येतं, हे फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ सालीच मोजून ठेवलंय. पण मग त्यावर इलाज काय?

यामाहाचा ए-एस५०१ त्यासाठीच डोक्यात बसलाय. ८५ वॅट, एमएम फोनो (टर्नटेबल थेट जोडायची सोय), ऑप्टिकल, सगळं आहे. पण मुख्य म्हणजे त्याला लाउडनेसचं वेगळं फिरवायचं बटण आहे. मुख्य व्हॉल्यूम नेहमीच्या पातळीवर लावायचा आणि या बटणाने खाली यायचं. मधल्या स्वरांचा पट्टा दाबला जातो, खर्ज आणि तार दोन्हीकडचं टिकतं. मरांट्झ पीएम६००७ ला ४५ वॅट, फोनो आणि ऑप्टिकल आहे, पण लाउडनेस एक तर चालू नाही तर बंद. एनएडी सी३१६बीईई व्ही२ चा आवाज मला मनापासून आवडला, पण डिजिटल इनपुटच नाही, म्हणजे टीव्हीसाठी वेगळा डॅक (डिजिटलचं अ‍ॅनालॉग करणारा डबा) आला. केंब्रिजचा सीएक्सए६१ बाद, त्यात फोनो नाही.

भाऊ म्हणतो, ८५ वॅटवाला घे, विचार काय करतोस. पण ४५ आणि ८५ मधला फरक तीन डेसिबलही भरत नाही, आणि आमच्या रात्रीच्या आवाजाला अख्खा एक वॅटही लागत नाही. त्यामुळे वॅटवर वाद नको.

एका शोरूममध्ये दोन अ‍ॅम्प आलटून पालटून ऐकले. दुसरा ऐकताच 'वा!' झालं. मग लक्षात आलं की तो नुसता मोठ्याने वाजतोय. फोनवरच्या मीटरने दोन्हींचा आवाज सारखा करायला लावला, तर फरक जवळजवळ उरलाच नाही. त्यावर तो गृहस्थ म्हणाला, "सर, फरक खरा वायरमध्ये असतो," आणि कपाटातून वायर काढायला लागला!

तर ज्यांनी प्रत्यक्ष वापरलंय त्यांना विचारायचंय:

यामाहाचं ते बटण बरंच खाली आणलं की गायकाचा गळा पोकळ वाटतो का? मधला पट्टा दाबायचा म्हणजे नेमका तोच दाबायचा ना! डग्गा मिळाला आणि गवई हरवला, असं नको.

दुसरं, व्हॉल्यूम अगदी सुरुवातीला असताना डावं-उजवं सारखं राहतं का? आमच्या जुन्याचं बटण तळाशी असलं की तानपुरा सरळ डावीकडे सरकायचा. या तिघांपैकी कोणाला ही खोड आहे?

फोनोच्या सुरसुरीची मात्र काळजी नाही, आमच्या तबकड्याच पुरेशा कुरकुरतात. सबवूफरचा (खर्जासाठीच्या वेगळ्या स्पीकरचा) विषय काकांमुळे बंद. हेडफोनही सुचवू नका, आई आणि मी दोघं मिळून ऐकतो.

पुण्यात कोणाकडे घरी ५०१ असेल तर रात्री दहानंतर यायची माझी तयारी आहे. एलपी मी आणतो.