मदत हवी आहे: 'फॅक्ट-चेक'चा शिक्का मारून नरसंहार नाकारणारी साईट

नमस्कार मंडळी. राजारामपुरीत अकरावी-बारावीच्या पोरांचा इतिहास घेतो. एकानं बोस्नियातल्या स्रेब्रेनित्सा गावच्या हत्याकांडावर प्रकल्प केलाय आणि निष्कर्ष काढलाय, "नरसंहार झालाच नाही, फॅक्ट-चेक झालंय." साईट बघितली. लाल 'असत्य' शिक्का, भिंगाचं चित्र, सगळं झकास. संपादक कोण, पैसा कुणाचा, काही पत्ता नाही. पुराव्याच्या लिंका फिरून त्याच साईटवर!

त्यांचा मुद्दा काय, तर एका जागी एवढे मृतदेह सापडले नाहीत. अहो, जुलै १९९५ मध्ये ८,००० हून जास्त बोस्नियाक (बोस्नियातले मुस्लिम) पुरुष आणि मुलगे मारले, नंतर यंत्रांनी कबरी उकरून मृतदेह दुसरीकडं पुरले. एकाच माणसाची हाडं वेगवेगळ्या कबरींत मिळाली, ओळख डीएनएवरून पटली. युगोस्लाव्हियातल्या युद्धगुन्ह्यांसाठी नेमलेल्या हेगच्या न्यायाधिकरणानं २००४ ला आणि आंतरराष्ट्रीय न्यायालयानं २००७ ला याला नरसंहारच म्हटलंय.

पोरगं हुशार आहे, पण "सर, कोर्टं पण विकली जातात" म्हणतंय. इंग्रजी निकालपत्रं पुढ्यात टाकून भागणार नाही. मराठीत यावर नीट लिहिलेलं काही आहे का? आणि आयएफसीएनच्या (फॅक्ट-चेक करणाऱ्या संस्थांच्या आंतरराष्ट्रीय जाळ्याच्या) यादीत नाव नाही, एवढ्यावर साईट खोटी म्हणता येईल का? (मला नाही वाटत.) शुक्रवारी तो वर्गापुढं बोलणार आहे, त्याआधी सांगा.