भाड्याने द्यायला पहिला फ्लॅट घेतलात? हिशेब कुठे चुकला ते लिहा

गेल्या महिन्यात दोन मित्रांनी एकच वाक्य ऐकवलं, "अरे हप्ता भाड्यातून सुटेल." म्हणून धागा काढतोय. ठाणे-नवी मुंबईत ज्यांनी हे करून बघितलंय त्यांनी आकड्यांसकट लिहा, उपदेश नको.

सुरुवात माझ्यापासून. कासारवडवलीला वनबीएचके, अ‍ॅग्रीमेंट ७२ लाखांचं, लोन ५० लाख, साडेआठ टक्के, २० वर्षं, हप्ता ४३,४०० च्या आसपास. भाडं १९ हजार, त्यातून मेन्टेनन्स गेला की हातात १६. म्हणजे महिन्याला २७ हजार पगारातून, आणि भाडेकरू बदलताना दीड महिना घर रिकामं होतं तेव्हा आख्खा हप्ता अंगावर. स्टँप ड्युटी नि रजिस्ट्रेशन बँक लोनमध्ये धरत नाही हे मला टोकन देऊन झाल्यावर कळलं! एक बरं केलं, घर एकट्या बायकोच्या नावावर घेतलं, ड्युटी ७ ऐवजी ६ टक्के, ७२ हजार वाचले. ते मॉड्युलर किचनमध्ये घातले. भाडेकरूसाठी मॉड्युलर किचन, हसा खुशाल.

नौपाड्याची मावशी:
माझ्यावर लोन नाही, जुना फ्लॅट आहे पाचपाखाडीत, तरी ऐका. खालच्या काकूंच्या हॉलमध्ये पीओपीवर बशीएवढा पिवळा डाग आला, भाडेकरू म्हणे आमच्याकडे तर काही गळत नाही, मग प्लंबरने बाथरूममध्ये लाल रंगाचं पाणी सोडून बघितलं तर दुसऱ्या दिवशी डाग गुलाबी! नहाणी ट्रॅप फुटलेला. लादी उखडा, वॉटरप्रूफिंग करा, वर काकूंचं छत रंगवून द्या, ३८ हजार गेले, दोन महिन्यांचं भाडं. दुसरं म्हणजे लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे भाडेकरार, फक्त नोटरी करून ठेवू नका. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने ते रजिस्टर करायचंच असतं आणि जबाबदारी मालकाची. ११ महिन्यांचं केलं तर ड्युटी पाचशे-सहाशे आणि रजिस्ट्रेशनचे हजार, त्यात काय वाचवायचं? आणि सोसायटीने नॉन ऑक्युपन्सी चार्ज (मालक स्वतः राहत नाही म्हणून घेतात तो) मनाला येईल तसा लावला तर २००१ चा सरकारी आदेश दाखवा, सर्व्हिस चार्जच्या १० टक्क्यांवर घेता येत नाही. आमच्या सेक्रेटरींना दाखवला तेव्हापासून लिफ्टमध्ये बघत नाहीत माझ्याकडे.

घणसोलीकर:
एजंटने आधी गावठाणातली बिल्डिंग दाखवली, किंमत जवळपास निम्मी, भाडं तेवढंच. ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, नव्हती. दोन बँकांनी फाईल परत केली तेव्हा डोकं ठिकाणावर आलं. नंतर सेक्टरमधला सिडकोचा रीसेल घेतला, तर तिथे जमीन सिडकोची, भाडेपट्ट्याने, सिडकोची एनओसी आणि ट्रान्सफर चार्ज वेगळा. तो कोण भरणार हे टोकनच्या आधी कागदावर लिहून घ्या, आमचे विक्रेते शेवटच्या दिवशी फिरले.

खारघरवाला:
लोन फ्लोटिंग होतं, म्हणजे व्याजदर बदलता. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेचा रेपो दर ४ टक्क्यांवरून साडेसहावर गेला, बँकेने हप्ता थोडाच वाढवला आणि मुदत लांबवली, मी मेसेज वाचलाच नाही. स्टेटमेंट काढलं तर शेवटचा हप्ता माझ्या रिटायरमेंटनंतर सहा वर्षांनी! रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२३ च्या नियमाने बँकेने विचारायलाच हवं, हप्ता वाढवू की मुदत. विचारलं नाही तर आपण विचारा.

नुसता वाचक:
टॅक्स वाचतो म्हणून घेणाऱ्यांनी आधी आपली टॅक्स रिजीम बघा, जुनी की नवीन. भाड्यातून ३० टक्के वजावट आणि लोनच्या व्याजाची वजावट दोन्ही रिजीममध्ये मिळते, पण त्याने कागदावर होणारा तोटा पगारातून वजा करणं, तेही २ लाखांपर्यंतच, फक्त जुन्या रिजीममध्ये. मी नवीन निवडून बसलो होतो.

धागाकर्ता:
मावशी, तुमचं वाचून खालच्या फ्लॅटवाल्यांना सहज फोन केला. डाग आहे म्हणाले, दिवाळीपासून.