४×५ वरून ८×१० कडे जाताना
४×५ इंच फिल्मच्या कॅमेऱ्यावरून थेट ८×१० इंचांचा घ्यावा का, असं तुम्ही विचारलंय. वजनाचा प्रश्न आहेच. मला खरी अडचण वाटते ती डेप्थ ऑफ फील्डची, म्हणजे जवळपासून दूरपर्यंत किती भाग स्पष्ट येतो त्याची. ४×५ वर १५० मिमीची लेन्स जेवढं दृश्य घेते, तेवढ्यासाठी ८×१० वर ३०० मिमी लागते, आणि लांब लेन्सची डेप्थ कमी. तेवढीच डेप्थ हवी तर एफ/२२ च्या जागी एफ/४५ इतकं लहान ॲपर्चर (लेन्सचं छिद्र), म्हणजे चौपट वेळ एक्स्पोजर, वर रेसिप्रोसिटी (लांब एक्स्पोजरला फिल्म मंदावते म्हणून द्यावा लागणारा जादा वेळ) वेगळीच. वाऱ्यात पानं स्थिर मिळणं मग कठीण.

पण कॉन्टॅक्ट प्रिंट (निगेटिव्ह कागदाला टेकवून त्याच आकाराचा प्रिंट) काढणार असाल तर जरूर घ्या! अमेरिकन छायाचित्रकार एडवर्ड वेस्टन ८×१० निगेटिव्हवरून, प्रतिमा मोठी करणाऱ्या एन्लार्जरशिवाय, थेट प्रिंट काढत. ते टोन पाहून मन भरतं. नुसतं स्कॅनिंगच करायचं असेल तर ४×५ पुरे, उरलेले पैसे फिल्मवर घाला.