शब्दचर्चा: ‘किडनी डिसीज मॉडेल’मधलं ‘मॉडेल’

खडू: मूत्रपिंडविकारांवरच्या संशोधनाचे मराठी सारांश लिहायचे आहेत. ‘ॲनिमल मॉडेल’ला (माणसाचा आजार अभ्यासायला प्राण्यात घडवलेला तसा आजार) नमुना, प्रतिकृती की प्रारूप? आणि ‘कंडिशनली इम्मॉर्टलाइज्ड पोडोसाइट’ला (पोडोसाइट म्हणजे मूत्रपिंडाच्या गाळणीतल्या पेशी) ‘सशर्त अमर पोडोसाइट’ चालेल का?

नलिका: ‘नमुना’ बाद. किडनीच्या लेखात नमुना म्हणजे लघवीचा, रक्ताचा नाहीतर बायोप्सीचा. एकाच परिच्छेदात दोन्ही अर्थ आले की घोळ. ‘प्रतिकृती’ त्याहून वाईट, माणसाचा आजार उंदरात जसाच्या तसा उतरवलाय असं वाटतं. ‘प्रारूप’ ऐकून विकास आराखडा आठवतो. ‘मॉडेल’च ठेवा, पण प्राण्याला नेमकं काय केलं ते सोबत लिहा.

यूयूओ, म्हणजे एका बाजूची मूत्रवाहिनी अडवण्याचं मॉडेल, घ्या. उंदराची एका बाजूची मूत्रवाहिनी रेशमी दोऱ्याने दोन जागी घट्ट बांधतात. लघवी अडते, मूत्रपिंड फुगतं, आणि 7 ते 14 दिवसांत नलिकांमधल्या जागेत कोलॅजन (व्रणात असतं तसं तंतुमय प्रथिन) साचतं. याला ‘किडनी निकामी झालेला उंदीर’ म्हणणं साफ चूक. दुसरं मूत्रपिंड शाबूत असतं, तेच भार उचलतं, त्यामुळे रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंड बाहेर टाकतं तो टाकाऊ पदार्थ) फारसं चढत नाही. औषधाचा गुण आला का हे क्रिएटिनिनवरून ठरवायला गेलात तर हाती काही लागणार नाही. कोलॅजन दाखवणाऱ्या सिरियस रेड रंगाने रंगवलेले मूत्रपिंडाचे काप बघावे लागतात, आणि तुलनेला पोट उघडून मूत्रवाहिनी न बांधता शिवलेले उंदीर हवेत. ‘एक मूत्रवाहिनी बांधलेला उंदीर’ लिहिलंत की निम्मं काम झालं.

‘ॲड्रियामायसिन (मूत्रपिंडाच्या गाळणीला इजा करणारं कॅन्सरचं औषध) दिलेला उंदीर’ एवढ्याने मात्र भागत नाही, स्ट्रेन, म्हणजे उंदराचा वाण, लिहायलाच हवा. बाल्ब-सी उंदराला शेपटीच्या शिरेतून किलोमागे साधारण 10 मिलिग्रॅमचा एक डोस दिला की आठवड्याभरात लघवीतून अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन जायला लागतं. तोच डोस ब्लॅक-6 उंदीर बहुतेक पचवतो. सुई शिरेबाहेर गेली तर शेपटी काळी पडून सडते, शिवाय डोसही पुरता पोचत नाही.

ताम्हण: ‘सशर्त अमर’वर माझी फुली. अट कोणती ते त्यात येतच नाही, आणि ‘अमर’ म्हटलं की पेशी मरत नाही असं वाटतं. विष घातलं की ती मरतेच! फक्त विभाजनाची मर्यादा काढलेली असते. 1997 साली आलेल्या उंदराच्या पोडोसाइटमध्ये एसव्ही-40 विषाणूचं तापमानाला नाजूक असलेलं टी-प्रथिन आहे. 33 अंशांवर, गॅमा इंटरफेरॉन (पेशींना संदेश देणारं प्रथिन) घातलेल्या माध्यमात, टी-प्रथिन टिकतं आणि पेशी वाढत राहतात. इंटरफेरॉन काढून 37 अंशांवर नेलं की टी-प्रथिन निकामी होतं, विभाजन थांबतं आणि 10 ते 14 दिवसांत फरसबंदीसारख्या दिसणाऱ्या पेशी फांद्या फुटल्यागत पसरतात. ‘तापमानाने वाढ थांबवता येणाऱ्या पोडोसाइट’ लांब आहे खरं, पण खरं आहे.

इथे फसतं ते बहुधा घाईत. बशी गच्च भरल्यावर 37 ला हलवली तर पसरायला जागाच उरत नाही. फार वेळा पासाज केलेल्या (नव्या बशीत हलवून वाढवलेल्या) पेशींत सिनॅप्टोपोडिन आणि नेफ्रिन ही पोडोसाइटच्या ओळखीची प्रथिनं दिसेनाशी होतात, म्हणून हे दोन्ही तपासल्याशिवाय त्या बॅचला पोडोसाइट म्हणू नये.

खडू: ‘पासाज’ला ‘पिढी’ म्हणू?

ताम्हण: नको. एका पासाजमध्ये पेशी कितीदा तरी दुभंगतात. ‘नव्या बशीत पसरणं’ म्हणा. ‘सेल लाइन’ला (प्रयोगशाळेत सतत वाढवत ठेवलेल्या एकाच मूळच्या पेशी) ‘पेशीवंश’ बरा. ‘पेशीरेषा’ वाचून रेघ डोळ्यांसमोर येते.

नलिका: ऑर्गनॉइडला, म्हणजे बशीत वाढवलेल्या अवयवासारख्या पेशीगोळ्याला, ‘छोटी किडनी’ म्हणायची फॅशन आहे. स्टेम पेशींपासून त्यात गुच्छिका (मूत्रपिंडातल्या गाळण्या) आणि नलिका तयार होतात हे खरं, पण बशीत रक्त वाहत नाही, लघवी बाहेर पडायला वाट नाही, आणि पेशी गर्भावस्थेतल्यासारख्या अपक्व. ‘ऑर्गनॉइड’च लिहा.

खडू: शेवटचं. ‘अक्यूट किडनी इन्ज्युरी’ला ‘तीव्र’?

नलिका: ‘तीव्र’ म्हणजे वाचक ‘गंभीर’ समजतो. 48 तासांत क्रिएटिनिन 0.3 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरने चढलं तरी ते निदान होतं, रुग्ण हिंडता-फिरता असला तरी. ‘आकस्मिक मूत्रपिंड इजा’ जास्त बरोबर. उंदरात हीच इजा घडवायला दोन्ही मूत्रपिंडांच्या रक्तवाहिन्यांना चिमटा लावून साधारण 25 मिनिटांनी सोडतात. तेव्हा ‘किती मिनिटं’बरोबर ‘किती तापमानाला’ हेही सारांशात घ्या. अंग एक-दोन अंशांनी गार पडलं तरी इजा बरीच कमी होते, आणि श्रेय औषधाला मिळतं.